न कळत औषध देऊन दारू सुटते का? एका पत्नीच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

ताई, इतर वाचकांना संदर्भ कळावा म्हणून आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. आपले यजमान ४१ वर्षांचे आहेत आणि एका कारखान्यात पर्यवेक्षक म्हणून नोकरी करतात. दहा-बारा वर्षांपूर्वी शनिवारी मित्रांबरोबर सुरू झालेली दारू आता रोज संध्याकाळी एक क्वार्टर इतकी झाली आहे आणि गेल्या सहा-सात महिन्यांपासून सकाळी कामावर निघण्यापूर्वीही त्यांना थोडी घ्यावी लागते. मागच्या श्रावणात त्यांनी ती स्वतःहून बंद केली, तेव्हा दुसऱ्या दिवशी रात्री त्यांना फिट आली. दवाखान्यातून घरी परतल्यावर आठ दिवसांत पुन्हा सुरू झाली. गावातल्या बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली, दुकान बंद झाले, तर ते शेजारच्या गावातून आणू लागले. आता सासूबाईंनी एक जाहिरात पाहून ‘न कळत दारू सोडवणारी’ पुडी मागवली आहे आणि ती चहातून द्यावी का, असे आपण विचारले आहे. शेवटच्या ओळीत आपण लिहिले आहे की, तेरा वर्षांच्या मुलाला काय सांगावे तेही कळत नाही.

आधी त्या पुडीविषयी सांगतो, कारण ती घरात येऊन पडली आहे. ती देऊ नये. त्याचबरोबर दुसरी गोष्टही तितक्याच स्पष्टपणे सांगतो: शपथ घालून, गळ्यात माळ घालून किंवा खिशातले पैसे काढून घेऊन त्यांची दारू उद्यापासून एकदम बंद करण्याचाही प्रयत्न करू नये. व्यसनांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरने असे सांगावे हे आपल्याला विचित्र वाटेल, म्हणून त्याची कारणे पुढे देतो. मी मनोविकारतज्ज्ञ आहे आणि गेली चोवीस वर्षे दक्षिण महाराष्ट्रातील एका जिल्ह्याच्या गावी मुख्यतः व्यसनाधीन रुग्णांवर उपचार करतो. आपल्या यजमानांना मी तपासलेले नाही. त्यांचे यकृत आणि हृदय कसे आहे, मधुमेह किंवा रक्तदाब आहे का, दारूबरोबर झोपेच्या गोळ्या घेतात का, यावर बरेच काही ठरते. त्यामुळे जिथे उत्तर परिस्थितीनुसार बदलते तिथे मी तसे म्हणेन.

अशा पुड्यांमध्ये नेमके काय असते हे पाकिटावर बहुतेक वेळा लिहिलेले नसते. काहींत निरुपद्रवी चूर्ण असते, तेव्हा फक्त पैसे जातात. काहींमध्ये मात्र डायसल्फिराम नावाचे औषध असावे, अशी दाट शंका यावी असे रुग्ण मी पाहिले आहेत. हे औषध खरे आहे, जुने आहे आणि योग्य रुग्णाला मीही देतो. आपण प्यालेल्या दारूचे यकृतात आधी असिटाल्डिहाइड नावाच्या विषारी पदार्थात आणि नंतर निरुपद्रवी आम्लात रूपांतर होते. डायसल्फिराम ही दुसरी पायरी अडवते. त्यामुळे हे औषध पोटात असलेल्या माणसाने दारू घेतली की काही मिनिटांत चेहरा लालबुंद होतो, डोके ठणकू लागते, छातीत धडधडते, उलट्या होतात आणि रक्तदाब कोसळू शकतो. हृदय दुबळे असेल तर जीवही जातो. औषध बंद केल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो, आणि यकृताला व नसांना त्याचा त्रास होऊ शकत असल्याने ते देताना रक्ताच्या तपासण्या कराव्या लागतात.

या औषधाचा सगळा उपयोग ते घेत असल्याचे माहीत असण्यात आहे. ‘आज सकाळी मी गोळी घेतली आहे, म्हणजे आज पिता येणार नाही’ हा निर्णय रुग्ण रोज सकाळी एकदाच घेतो आणि मग दिवसभर त्याला स्वतःशी झगडावे लागत नाही. ज्याला गोळीचा पत्ताच नाही तो नेहमीसारखा प्यायला बसणार. म्हणजे चोरून दिलेल्या डायसल्फिराममध्ये औषधाचा भाग काहीच उरत नाही, फक्त विषबाधा उरते.

माझ्या व्यवसायाच्या चौथ्या वर्षीचा एक प्रसंग सांगतो. पन्नाशीच्या एका गृहस्थांना रात्री घामाने भिजलेल्या अवस्थेत आणले गेले. नाडी हाताला लागत नव्हती, रक्तदाब मोजता येत नव्हता. हृदयविकार समजून आम्ही धावपळ करत होतो. चार तासांनी त्यांच्या बहिणीने रडत सांगितले की, पंधरा दिवसांपासून आमटीतून गोळी कुटून देत होतो. ते वाचले. परंतु घरी गेल्यावर त्यांनी बायकोच्या हातचे जेवण सोडले आणि पुढची दोन वर्षे ते खानावळीत जेवले; मी लिहून दिलेले औषधही ते घेईनात, कारण औषध या गोष्टीवरचा त्यांचा विश्वासच उडाला होता. यात माझाही दोष होता. त्या घटनेच्या महिनाभर आधी तेच कुटुंब ‘जेवणातून देण्यासारखे काही आहे का’ असे विचारायला माझ्याकडे आले होते आणि मी ‘असे देता येत नाही’ एवढे एक वाक्य बोलून, त्यामागचे कारण न सांगता, त्यांना परत पाठवले होते. गोळी त्यांनी दुसरीकडून मिळवली. तेव्हापासून हा प्रश्न कोणीही विचारला तरी मी दोन वाक्यांत उत्तर देत नाही.

आपण प्रश्न पुडीचा विचारला आहे, पण त्याच्या आत दुसरा प्रश्न आहे असे मला वाटते. घरातल्या कोणालाच आपल्या यजमानांशी या विषयावर ते शुद्धीत असताना उघडपणे बोलण्याचे धैर्य होत नाही. बोलणे होते ते रात्री, भांडणात. पुडीमुळे ते बोलणे टाळता येईल अशी आशा सासूबाईंना वाटते आणि आईच्या मनात अशी आशा येणे मी समजू शकतो. तरीही आपल्यापुढची खरी कामे दोनच आहेत. पिणे थांबल्यावरचा पहिला आठवडा त्यांनी सुखरूप पार करावा आणि त्या आठवड्यासाठी त्यांनी स्वतः तयार व्हावे.

पहिल्या आठवड्याचा धोका समजण्यासाठी थोडा हिशेब करू. व्हिस्की किंवा रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के अल्कोहोल असे लिहिलेले असते. तिच्या ३० मिलिलिटरमध्ये साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. डॉक्टर त्याला एक प्रमाण पेय म्हणतात. १८० मिलिलिटरची क्वार्टर म्हणजे सहा प्रमाण पेये, ६० ग्रॅम अल्कोहोल. ‘मी फक्त बिअर घेतो’ असे सांगणाऱ्यांसाठी जाता जाता लिहितो की, ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत चार प्रमाण पेये असतात. आपले यजमान रोज किमान सहा आणि सकाळचे धरून सात-आठ पेये घेत आहेत. मात्र मला त्या आकड्यापेक्षा सकाळचा घोट जास्त महत्त्वाचा वाटतो. संध्याकाळी माणूस मजेसाठी पितो असे एक वेळ म्हणता येईल. सकाळी चहाचा कप हातात धरता यावा म्हणून जो पितो, त्याचे शरीर दारूवर अवलंबून झालेले असते.

हे अवलंबून होणे म्हणजे काय, ते मी रुग्णांना दाराचे उदाहरण देऊन सांगतो. दारू मेंदूला मंद करते. रोज, वर्षानुवर्षे कोणी बाहेरून दार रेटत असेल तर आतला माणूस तितक्याच जोराने उलटा रेटा देऊ लागतो; मेंदूही दारूच्या मंदपणाविरुद्ध असाच रेटा देत राहतो आणि म्हणूनच पूर्वी दोन पेगांत चढणारी आता क्वार्टरनेही चढत नाही. बाहेरच्याने अचानक हात काढला की आतला माणूस स्वतःच्याच जोराने दारासकट बाहेर कोसळतो. दारू एकदम थांबली की मेंदूचे तेच होते. शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरणे, घाम, मळमळ, अस्वस्थता, झोप न येणे सुरू होते. व्यसनमुक्ती केंद्रांतले रुग्ण याला ‘टर्की’ म्हणतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या टप्प्यात काहींना भास होतात, अंगावर किडे चालताना दिसतात, आपण कुठे आहोत आणि आज कोणता वार आहे हे कळेनासे होते, ताप चढतो. ही वाताची अवस्था उपचारांवाचून प्राणघातक ठरू शकते. एकदा फिट येऊन गेलेल्या माणसाला पुढच्या वेळी हा धोका अधिक असतो. आपल्या यजमानांना ती येऊन गेली आहे, म्हणून त्यांचे पिणे घरच्या घरी थांबवणे मी सुरक्षित मानत नाही. ज्याला सकाळी लागत नाही, फिट कधी आलेली नाही आणि दुसरा मोठा आजार नाही, अशा माणसाला डॉक्टरच्या देखरेखीखाली गोळ्या देऊन घरीही सांभाळता येते. त्यामुळे ‘आमच्या भाऊजींची तर घरीच सुटली’ असे कोणी सांगितले तर ते खोटे नसते, फक्त त्यांची स्थिती वेगळी असते.

येथे लोकांच्या मनातला एक समज दुरुस्त करावासा वाटतो. गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, हे नाव ऐकले तरी घरे हादरतात, आणि त्या व्यसनाचे दुष्परिणाम भयंकर आहेतच. अतिमात्रेने श्वास थांबून तरुण मुले मरतात. परंतु गर्द सोडतानाचा त्रास अतोनात असला तरी एरवी धडधाकट माणसाचा त्यात सहसा जीव जात नाही. सोडताना जीव जाण्याचा धोका असतो तो दारूचा आणि झोपेच्या गोळ्यांचा. ही दोन्ही व्यसने आपल्याकडे ‘ड्रग’ मानली जात नाहीत, त्यामुळे ती एकदम बंद करताना कोणी डॉक्टरला विचारतही नाही.

श्रावणाविषयीही बोलले पाहिजे, कारण बहुतेक घरांत तो युक्तिवाद होतोच. ‘मी श्रावणभर हात लावत नाही, म्हणजे मी व्यसनी नाही’ असे अनेक जण म्हणतात. ज्यांचे शरीर अवलंबून नाही ते खरोखरच महिनाभर थांबू शकतात, पण गटारीला शेवटची आणि गणपती गेल्यावर पहिली, असा हिशेब बोटांवर ठेवून थांबणे आणि सोडणे या वेगळ्या गोष्टी आहेत. ज्यांचे शरीर अवलंबून आहे त्यांच्यासाठी गटारीच्या रात्री भरपूर पिऊन दुसऱ्या सकाळी शून्यावर येणे फार धोक्याचे असते. श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात फिट येऊन दाखल झालेले रुग्ण मी दरवर्षी पाहतो. श्रावण पाळण्यामागची श्रद्धा मला मोलाची वाटते. आपल्या यजमानांनी गेल्या वर्षी स्वतःहून थांबण्याचा निर्णय घेतला, ही या सगळ्या प्रकरणातली सर्वांत आशादायक गोष्ट आहे. त्यांची इच्छा खरी होती, तिला वैद्यकीय आधार मिळाला नाही इतकेच.

गावातली बाटली आडवी झाली हे चांगलेच झाले. दारू हाताशी नसेल तर नव्या मुलांना ती सहज लागत नाही आणि चौकातली भांडणे कमी होतात. पण आधीच अवलंबून असलेल्या माणसाची तेवढ्याने सुटका होत नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि दारूची दुकाने रातोरात बंद झाली, तेव्हा पहिल्या आठवड्यातच आमच्याकडे फिट आणि भास झालेल्यांची रांग लागली होती. पुढच्या वर्षी, एप्रिल २०२१ मध्ये, यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी येथे दारू मिळेना म्हणून सॅनिटायझर प्यायलेल्या सात जणांचा मृत्यू झाला. ती माणसे मरणाला तयार होती असे नाही. थरथर थांबवायला समोर जे मिळाले ते त्यांनी घेतले. म्हणून दुकान बंद करणाऱ्या गावाने तालुक्याच्या डॉक्टरशी बोलून आधीच पिणाऱ्यांच्या उपचारांची सोय पाहावी, असे मी ग्रामसभांमध्ये नेहमी सांगतो.

आतापर्यंतचे थोडक्यात: पुडी नाही, घरी एकदम बंद करणे नाही, आणि दाखल करून थांबवणे हा आपल्या यजमानांसाठी योग्य मार्ग. दाखल होईपर्यंतच्या चार-आठ दिवसांत त्यांनी पिण्याचे प्रमाण स्वतःच्या मनाने एकदम शून्यावर आणू नये. या काळात फिट आली, भास होऊ लागले, बोलणे असंबद्ध झाले, चालताना तोल जाऊ लागला, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच झाली, डोळे पिवळे दिसले, तर वाट न पाहता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि पोहोचल्यावर पहिल्या वाक्यात सांगावे की हे रोज पिणारे आहेत व शेवटची दारू अमुक वेळी घेतली आहे. अब्रूच्या भीतीने हे लपवले जाते आणि तिथेच घात होतो. रोज पिणाऱ्याच्या शरीरात ब-१ जीवनसत्त्वाचा तुटवडा असतो. ते न देता नुसते ग्लुकोजचे सलाइन लावले तर मेंदूला कायमची इजा होऊन स्मरणशक्ती जाऊ शकते. डॉक्टरला माहिती असेल तर तो ब-१ चे इंजेक्शन आधी देतो.

आपण लिहिले आहे की, ‘आमच्याच नशिबी हे का?’ याचे उत्तर आकड्यांनी देणे कोरडे वाटेल, पण या आकड्यांनी माझ्यासमोर बसलेल्या अनेक बायकांचे खांदे थोडे सैल झालेले मी पाहिले आहेत. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्समार्फत देशभर सर्वेक्षण केले आणि त्याचा अहवाल २०१९ मध्ये आला. १० ते ७५ वयोगटातील सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. त्यांपैकी ५.७ कोटी लोकांचे पिणे असे आहे की त्यांना उपचारांची किंवा मदतीची गरज आहे, आणि २.९ कोटी लोक पूर्णपणे अवलंबून आहेत. पिणाऱ्या एका स्त्रीमागे सतरा पुरुष आहेत, म्हणजे या ५.७ कोटींपैकी बहुतेकांच्या मागे आई, बायको किंवा बहीण आपल्यासारखीच गप्प बसलेली आहे. मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारा आकडा वेगळाच आहे: दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच कुठल्या ना कुठल्या स्वरूपाचा उपचार मिळाल्याचे त्या सर्वेक्षणात आढळले. बाकीच्या ३७ जणांच्या घरी काय होत असेल याची कल्पना मला माझ्याकडे उशिरा पोहोचणाऱ्यांवरून येते. तोवर यकृत कडक होऊन पोटात पाणी झालेले असते, स्वादुपिंडाला सूज आलेली असते, पायांच्या नसा जाऊन तळव्यांची आग होत असते, नोकरी गेलेली असते. आपले यजमान अजून नोकरीत आहेत आणि चालते-फिरते आहेत. या टप्प्यावर उपचारांना हाती लागण्यासारखे पुष्कळ असते.

आता त्यांच्याशी बोलायचे कसे. रात्री बोलू नये. प्यायलेल्या माणसाला सकाळी त्यातले निम्मेही आठवत नाही आणि आपण मात्र ते उरात घेऊन बसता. सुट्टीच्या दिवशी सकाळी, त्यांची थरथर थांबलेली असेल पण डोके ताळ्यावर असेल अशी वेळ बघावी. अशी वेळ जेमतेम तासाभराचीच मिळते. चार-पाच नातेवाइकांनी घेरून बसू नये. ज्यांचा शब्द ते मानतात असे एकच माणूस बरोबर असावे, मग ते मामा असोत, जुने शिक्षक असोत किंवा कारखान्यातले वरिष्ठ. ‘तुम्ही दारुडे आहात’, ‘तुम्ही आमचे वाटोळे केले’ ही वाक्ये खरी असली तरी त्या वेळी उपयोगाची नाहीत, कारण त्यांवर त्यांचे उत्तर वर्षानुवर्षे तयार आहे. घडलेली एकच गोष्ट सांगावी: ‘श्रावणात तुम्हाला फिट आली तेव्हा मी तुमच्या तोंडातला फेस पुसत होते आणि पोरगा दारात उभा होता. मला ते पुन्हा बघवणार नाही. डॉक्टर म्हणतात की दाखल होऊन थांबवली तर फिट टाळता येते. बुधवारची वेळ घेतली आहे.’ यात आरोप नाही, भीती खरी आहे आणि पुढचे पाऊल ठरलेले आहे. ‘फिट पुन्हा येऊ नये म्हणून तपासून घेऊ’ या कारणासाठी पुष्कळ पुरुष तयार होतात, ‘दारू सोडायला चला’ म्हटले की होत नाहीत. ही फसवणूक नाही. फिट टाळणे हे खरोखरच पहिले काम आहे आणि दारूचे बोलणे डॉक्टर त्यांच्यासमोरच उघडपणे करतो. पहिल्या बोलण्यात नकार मिळेल हे गृहीत धरावे. माझ्या अनुभवात होकार बहुधा तिसऱ्या-चौथ्या वेळी येतो आणि तो अनेकदा एखाद्या धक्क्यानंतरच्या दोन दिवसांत येतो, म्हणून डॉक्टरचा नंबर आणि पैशांची सोय आधीपासून तयार असावी.

याबरोबर आपल्याला एक अवघड गोष्ट सुचवतो. ‘त्यांना ताप आहे’ असे कारखान्यात कळवणारा फोन आपण करता, असे प्रश्नावरून दिसते. हा फोन आपण नोकरी वाचावी म्हणून करता. घर त्या पगारावर चालते, त्यामुळे आपल्याला दोष देण्याचा अधिकार मला नाही. परंतु दारूचे परिणाम त्यांच्यापर्यंत पोहोचण्याआधी आपण ते झेलत राहिलात तर त्यांच्या दृष्टीने सगळे ठीकच चाललेले असते. सगळे झेलणे एकदम थांबवा असे मी म्हणत नाही. सुरुवात फोनपासून करावी: ‘मी खोटे सांगणार नाही, तुमचा फोन तुम्ही करा’ हे एकदा शांतपणे सांगून पाळावे. ते हात उगारत असतील तर मात्र हा सल्ला लागू नाही. तेव्हा आपली आणि मुलाची सुरक्षितता आधी, ११२ किंवा महिलांसाठीचा १८१ क्रमांक आधी, आणि व्यसनाचे उपचार नंतर.

दाखल झाल्यावर पहिल्या सात-आठ दिवसांत थरथर आणि फिट टाळण्यासाठी ठरावीक गोळ्या देऊन त्या हळूहळू कमी करत बंद केल्या जातात. या गोळ्यांचीही सवय लागते, म्हणून जुन्या चिठ्ठीवर त्या औषध दुकानातून आणून घरी देत बसू नये. दारू शरीराबाहेर गेली की नातेवाइकांना वाटते काम झाले. गेल्या श्रावणात तेच झाले: फिटवर उपचार झाले, व्यसनावर झाले नाहीत. त्यानंतरचे तीन महिने खरे कठीण असतात. पहिले काही आठवडे झोप उडालेली असते, मन उदास असते, चिडचिड होते. दारूने आलेली ही उदासी बहुतेकांमध्ये तीन-चार आठवड्यांत ओसरते, न ओसरल्यास नैराश्याचे वेगळे उपचार लागतात. ओढ कमी करणारी औषधे आहेत. नाल्ट्रेक्सोन, अ‍ॅकॅम्प्रोसेट, यकृत खराब असेल तर बॅक्लोफेन. कोणते द्यायचे हे यकृत आणि मूत्रपिंडांच्या तपासण्यांवर ठरते. आणि हो, डायसल्फिरामही. यजमानांनी स्वतः सही करून ते स्वीकारले आणि रोज सकाळी आपल्यासमोर गोळी घेतली, तर त्याच गोळीचा, जी चोरून दिल्यास घात करते, चांगला उपयोग झालेला मी वारंवार पाहिला आहे.

निव्वळ औषधांवर फार काळ टिकणारे मी थोडेच पाहिले. टिकतात ते ज्यांच्या संध्याकाळी भरून निघतात. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र डॉ. अनिल अवचट आणि डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये गर्दच्या साथीच्या काळात सुरू केले. दारू सुटलेलीच माणसे नव्या रुग्णांना सांभाळतात ही रीत तिथे रुजली आणि राज्यातल्या अनेक केंद्रांनी ती उचलली. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडलेल्या आणि सोडू पाहणाऱ्या माणसांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेली संघटना, हिच्या सभा जिल्ह्याच्या बहुतेक गावी होतात, त्यांना पैसे लागत नाहीत, आणि कुटुंबीयांसाठी अल-अनॉनच्या सभा वेगळ्या असतात. यजमान जावोत न जावोत, आपण जावे. जवळचे ठिकाण १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतक्रमांकावर विचारता येते. वर्षभरात एकदा तरी घसरण होणे हे अपवादाने घडत नाही, पुष्कळांच्या बाबतीत घडते. ती झाली की चोवीस तासांत डॉक्टरला फोन करायचा, हे दाखल होतानाच तिघांनी मिळून ठरवून ठेवावे.

ते कशालाच तयार झाले नाहीत तर? मानसिक आरोग्य कायदा २०१७ मध्ये दारूशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश आहे आणि जिवाला धोका असेल किंवा माणूस स्वतःची काळजी घेऊ शकत नसेल, तर दोन तज्ज्ञांच्या स्वतंत्र तपासणीनंतर, जवळच्या व्यक्तीच्या अर्जावरून, ३० दिवसांपर्यंत दाखल करून घेता येते. आज आपल्या यजमानांची अवस्था त्या अटींत बसेल असे आपण दिलेल्या माहितीवरून वाटत नाही. भासांच्या अवस्थेत बसली असती. मात्र ‘आम्ही गाडी पाठवतो, चार माणसे येऊन उचलून नेतील’ असे सांगणाऱ्या केंद्राला कृपया होकार देऊ नका. तिथे डॉक्टर रोज येतो का, राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का आणि आठवड्यातून एकदा तरी भेटू देतात का, हे तीन प्रश्न विचारावेत. मारहाण झालेले, बांधून ठेवलेले रुग्ण नंतर माझ्याकडे आले आहेत. त्यांना पुन्हा उपचारांकडे वळवायला वर्षे लागली.

शेवटी मुलाविषयी. तेरा वर्षांच्या मुलाला सगळे माहीत असते. त्याने वडिलांना फिट आलेली पाहिली आहे. घरात त्याविषयी कोणी बोलत नाही, म्हणून आपणही बोलायचे नाही एवढेच तो शिकला आहे. या वयाची बरीच मुले मनात समजून चालतात की, आपण नीट अभ्यास केला, आवाज केला नाही, तर बाबा पिणार नाहीत. त्याला एकट्याला घेऊन बसावे आणि सांगावे की, बाबांना दारूचा आजार झाला आहे, तो तुझ्यामुळे झालेला नाही आणि तो बरा करणे हे तुझे काम नाही. आम्ही डॉक्टरांकडे जाणार आहोत. दुकानातून बाटली आणायला किंवा ‘बाबा घरी नाहीत’ असे सांगायला त्याला पाठवू नये, हे आजीलाही बजावावे. बाबांना पुन्हा फिट आली तर एका कुशीवर वळवायचे, तोंडात चमचा, कांदा, चप्पल काही घालायचे नाही, आणि १०८ ला फोन करायचा, एवढे त्याला शिकवून ठेवावे. करण्यासारखे काहीतरी हाती आले की मुलांची भीती बरीच कमी होते. आणि यजमान दाखल झाल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी, त्यांचे हात थरथरायचे थांबलेले असतील तेव्हा, त्याला भेटायला घेऊन जावे.